पपांच्या बंदुकीतली खुंटी

सात वाजताची मिस्सा आटोपून मी घरी आले, तर मागच्या खोलीतल्या कपाटाचं दार वीतभर उघडं होतं. आत माझ्या नवऱ्याचा, एमिलचा, शिकारीचा कोट होता, छातीपर्यंतचे रबरी बूट होते, काडतुसांचे डबे होते. बंदूक नव्हती.

कोणी नेली हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. आमच्या गावात घराला कुलूप लावत नाहीत, आणि गेली एकोणीस वर्षं मी रोज पावणेसातला चर्चकडे निघते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एमिल ट्रॅक्टरखाली सापडून वाचला, त्या वर्षी घेतलेलं व्रत आहे ते. रोजची मिस्सा (शिकारीला गेले तर संध्याकाळची), रोजची माळ, बुधवारी-शुक्रवारी मांस नाही आणि जिभेवर खोटं नाही. चोराला याहून सोयीची बाई कुठे मिळायची?

चोर म्हणजे माझा थोरला दीर, रुडी.

बंदूक सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना पपा म्हणायचो. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत, अशी ती साधी पंपाची बंदूक. पण अर्कान्सॉच्या आमच्या भातशेतीत पाणी सोडलं आणि बदकं उतरली, की साठ वर्षं पहिला बार तिचाच. ती ज्याच्या हातात, तो लपणात, म्हणजे बदकांना दिसू नये म्हणून गवताआड केलेल्या आडोशात, मधल्या जागेवर बसणार. हा घराचा रिवाज. पपांनी मरायच्या आधी दोन महिने माझ्या स्वयंपाकघरात ती एमिलच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तू राहिलास माझ्यापाशी. ही तुझी." कागद केला नाही. असल्या बंदुकांचे कागद आमच्याकडे कोणी करत नाही. बापाने ज्याच्या हातात दिली, त्याची. रुडी तेव्हा लिटल रॉकला होता. हंगामाच्या पहिल्या दिवशी आणि नाताळला उगवायचा.

आणि एमिलने ती मला दिली, ती नुसती तोंडाने नाही.

गेल्या वर्षी, फुप्फुसांनी दगा दिल्यावर, एमिलला बंदूक उचलवेना. पस्तीस वर्षं मी त्याच्याबरोबर जात होते आणि पस्तीस वर्षं माझ्या हाताला लांब पडणाऱ्या बंदुकीने नेम धरत होते. दर थंडीत उजव्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग. एके दिवशी तो म्हणाला, "इकडे ये. कोपर वाक." खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याचं बूड त्याने माझ्या कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि माझं बोट चापावर कुठवर पोचतं ते पाहिलं. दोन बोटं कमी पडत होतं. "पस्तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

लाकडाची ढलपी उडू नये म्हणून त्याने दस्त्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि करवतीने कापायला बसला. चार वेळा थांबला, धापा टाकल्या, मला हात लावू दिला नाही. मग बूड घासलं, रबरी गादी बसवली, गालापाशी लागणारा कंगोरा कानशीने उतरवला. आमच्याकडे लहान मुलासाठी दस्ता कापतात तेव्हा कापलेली चकती जपून ठेवतात. मूल वाढलं की ती परत स्क्रूने जोडायची. स्वतः एमिलची चकती पपांनी सहा वर्षं खिळ्याला टांगून ठेवली होती. माझी चकती एमिलने उचलली, बघितली आणि शेगडीत टाकली.

"तू काही आता वाढायची नाहीस," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये तो गेला. मे महिन्यात कपाट उघडं.

तशीच निघाले. रुडी निवृत्त होऊन तळ्याकाठच्या पपांच्या पत्र्याच्या घरात येऊन राहिला होता. बंदूक त्याच्या बाकावर पकडीत आवळलेली होती.

"आली का जपमाळ! ये, ये. देव काय म्हणतोय, ॲगी?"

माझं नाव ॲग्नेस. ॲगी म्हटलेलं मला आवडत नाही, म्हणून तो म्हणतो.

"बंदूक दे, रुडी."

"कुणाची?"

"एमिलची. आता माझी."

"पपांची आहे ती. आणि पपांचा थोरला मुलगा तुझ्यासमोर उभा आहे."

"पपांनी ती एमिलला दिली. मी तिथे होते."

"वा! साक्षीदारही तूच, वारसही तूच. न्यायाधीशही हो ना, काळा झगा तुला शोभेल." त्याने दस्त्यावर हात आपटला. "आणि हे काय केलंत? पपांच्या बंदुकीला करवत? चकती कुठाय?"

"जाळली."

त्याने दस्त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला. क्षणभर मला वाटलं, याला दुःख झालंय. मग तो म्हणाला, "एका बाईच्या आखूड हातांसाठी. अरे, बाईलाच कापायचं होतं!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. "जा शेरीफकडे. कागद असेल तर ने बरोबर."

कागद नव्हता. मी घरी आले आणि दुपारची माळ केली. 'आमच्या अपराध्यांस जशी आम्ही क्षमा करतो' इथे आल्यावर माझी जीभ अडायची. मी तेवढं वाक्य भरभर म्हणून पुढे जायला शिकले.

उन्हाळाभर बातम्या शेजारचा सिरिल आणायचा. त्याची पंच्याहत्तरी उलटली आहे, आणि बंदुकीच्या आवाजांनी कान निम्मे गेलेत, त्यामुळे तो बातम्याही ओरडूनच सांगतो.

"पोरी, त्याने लाकूड काढून टाकलं! काळं प्लास्टिक बसवलंय! मूठही प्लास्टिकची! वर टॉर्च लावायची पट्टी! नि खालच्या नळीला ही एवढी जोडनळी! सात काडतुसं घेते म्हणे!"

"कशाला?"

"मीही तेच विचारलं! म्हटलं, रुडी, बदकं उलटा गोळीबार करायला लागली की काय?"

मी हसले नाही. करवतीवरून मला बोललेला माणूस तोच.

हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, रुडीची गाडी माझ्या दारात थांबली. इंजिन चालूच. त्याने खिडकीतून एक पुठ्ठ्याचं खोकं ओट्यावर भिरकावलं. आत लाकूड खडखडलं.

"घे तुझं सरपण! माझ्या घरात जागा अडवतंय."

मी ओट्यावर येऊन खोकं उचललं.

"आणि उद्या साडेपाचला धक्क्यावर टिल्लीला घेऊन ये. माझं ऐकत नाही ती हरामखोर."

टिल्ली एमिलची काळी लॅब्रॅडोर. ती हळू आवाजातच ऐकते. ओरडलं की जमिनीला चिकटून बसते.

"मी कुठे बसू?"

"कुत्रीच्या मागे. आणि बंदूकबिंदूक आणायची नाही. लपण भरलंय."

मी खोकं आत नेलं. दस्ता होता. गादीवर माझ्या खांद्याने पाडलेला खळगा अजून होता. मूठ होती, तिच्यावर पपांच्या बोटांनी घासून गेलेली जागा. तळाशी नळीचं पितळी टोपण, जुनी स्प्रिंग आणि खुंटी.

करंगळीएवढी जाड, वीतभराहून थोडी लांब. पपांनी स्वतः तासलेली, टोकाला चाकूने एक खाच. बदकांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं मावली पाहिजेत, असा कायदा आहे. म्हणून काडतुसं भरायच्या खालच्या नळीत ही खुंटी घालायची, की दोनच आत जातात, तिसरं वरच्या मुख्य नळीत. हरणांच्या दिवसांत कोणी काढतात, पण बदकांच्या आधी परत घालायची हे आमच्याकडे बाप मुलाला पहिल्या बूटजोडीबरोबर सांगतो. रुडी शहरात नेमबाजीच्या मैदानावर वर्षभर कागदी माणसांवर गोळ्या झाडणारा. त्याच्या स्वतःच्या नव्या बंदुकीत खुंटी दुकानातूनच घालून आली होती, ती त्याने कधी पाहिलीही नसेल. जोडनळी बसवताना त्याने पपांची नळी उघडली, हातात आलं ते सगळं खोक्यात टाकलं आणि खोकं माझ्या दारात.

उद्या त्याच्या बंदुकीत सात काडतुसं असणार होती, आणि पहिल्या दिवशी शिकारखात्याचे वॉर्डन बंदुका तपासत बांधाबांधावर असतात.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे भांडणं तीन-तीन पिढ्या चालतात. बांधावरून, कालव्याच्या पाण्यावरून. पण खुंटी नसताना कोणी कोणाला पाण्यात उतरू देत नाही. तोंडावर थुंकून सांगतील, पण सांगतील. ती आमची माणुसकी आहे, जेवढी आहे तेवढी.

मी टोपण, स्प्रिंग आणि खुंटी एमिलच्या रुमालात बांधली आणि कोटाच्या खिशात ठेवली. त्याला द्यायलाच. हे मी शपथेवर सांगते. जोडनळी उतरवून हे बसवायला धक्क्यावर पाच मिनिटं पुरली असती.

सकाळी धक्क्यावर धुकं होतं. सिरिल लपणावर पसरायची जाळी होडीत टाकत होता. रुडी नवा चट्ट्यापट्ट्यांचा कोट घालून मध्ये उभा, आणि त्याच्या गळ्यात ती काळी वस्तू. मला माहीत नसतं तर पपांची म्हणून ओळखलीही नसती. फक्त चापाच्या वरची चांदीसारखी झिजलेली जागा तेवढी उरली होती.

मी खिशात हात घातला. "रुडी, तुझ्या बंदुकीत..."

"थांब!" त्याने हात वर केला. "सिरिल, ऐकलंस? 'तुझ्या'! 'तुझ्या बंदुकीत' म्हणाली! निघालं अखेर तोंडातून. पुन्हा म्हण, ॲगी. सिरिल बहिरा आहे, मोठ्याने म्हण."

"रुडी, ऐक आधी..."

"नाही, नाही. तेवढंच छान होतं, पुढचं नको. आता दुपारपर्यंत तुझ्या तोंडातून शब्द नको. बदकं बुजतात. एमिल बिचारा मेला तो काय उगाच? चोवीस तास कानाशी पुटपुट. मीही फुप्फुसं टाकून दिली असती."

सिरिलने ऐकलं की नाही, माहीत नाही. तो दोर सोडवत राहिला.

रुमालातली खुंटी माझ्या मुठीत होती. मी मूठ आवळली, आणि हात तसाच खिशात राहू दिला. टिल्लीला होडीत चढवलं आणि तिच्या मागे बसले.

एवढंच केलं मी. काहीच केलं नाही, असंही म्हणता येईल. मी तसं म्हणणार नाही.

उजाडलं. लपणात गवताच्या आड रुडी मधल्या जागेवर, एमिलच्या जागेवर. सिरिलने बदकांची हाक घातली, आणि हिरव्या डोक्यांचे नर, माद्या, वीस-बावीस, पंख कमानदार करून पाय खाली सोडून उतरायला लागले. रुडी उठला. एक. दोन. तीन. मी अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होते, माळेची सवय. चार. पाच.

पाण्यावर आवाज मैलभर जातो. मी मान वळवून बांधाकडे पाहिलं. धुक्यात काही दिसलं नाही.

"एक जोडी!" रुडी ओरडला. "पाहिलंस? पपांची बंदूक!"

पाच बारांत दोन बदकं. एमिलने दोनांत दोन पाडली असती. टिल्लीला मी हळूच "जा" म्हटलं. ती दोन्ही घेऊन आली आणि माझ्या पायांशी ठेवली. रुडीने ती उचलून आपल्या बाजूला घेतली.

दहाच्या सुमाराला धक्क्यावर आलो तर हिरवी गाडी उभी होती. वॉर्डन प्रुइट, तिशीची, गुडघ्यापर्यंत चिखल, नम्र आवाज.

"नमस्कार मंडळी. हंगाम कसा उघडला? बंदुका बघते जरा."

"बघ ना, बाळ," रुडी म्हणाला. "शाळा लवकर सुटली वाटतं आज?"

तिने हात पुढे केला. सिरिलची बंदूक घेतली, रिकामी आहे ना पाहिलं, आणि स्वतःजवळची खोटी काडतुसं खालच्या नळीत सारली. दोन गेली. तिसरं जाईना. "छान." मग रुडीची. ती काळ्या जोडनळीकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

"साडेसहाला या अंगाने एका बंदुकीचे लागोपाठ पाच बार मोजले मी," ती म्हणाली आणि सारायला लागली. एक. खट्. दोन. खट्. तीन. चार. सहा गेली. सातवं वर.

रुडीचं तोंड मी पाहत होते. त्याला आत्ता, या क्षणी, आठवलं. पपांच्या चाकूखाली उडणाऱ्या ढलप्या आठवल्या असतील. त्यालाही हे पहिल्या बूटजोडीबरोबर सांगितलेलं होतं.

"यात खुंटी नाही."

"असायला हवी होती," रुडी म्हणाला. "म्हणजे... मला काय माहीत? माझी नाही ही बंदूक."

सिरिलने मान वर केली. हे त्याला बरोबर ऐकू आलं.

"मग कोणाची?"

"हिची. माझ्या भावाची होती, आता हिची. मी आपली आजच्या दिवसापुरती घेतली. आत काय आहे नि काय नाही, ते हिला विचार."

प्रुइट माझ्याकडे वळली. "बाई, बंदूक तुमची?"

"माझी."

"यांना तुम्ही दिलीत?"

"नाही. त्याने माझ्या कपाटातून नेली."

"ॲगी!"

"तक्रार करायची आहे का तुम्हाला?"

"नाही. तो आत्ता जे म्हणाला, तेवढं लिहून घ्या. त्याच्याच शब्दांत."

तिने लिहिलं. बंदुकीचा क्रमांक लिहिला, पुढे माझं नाव. मग पेन थांबवून विचारलं, "आत खुंटी नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

माझ्या व्रतातलं सगळ्यात साधं व्रत, खोटं न बोलण्याचं, एकोणीस वर्षांत असं कधी पुढ्यात येऊन उभं राहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले आणि रुमाल सोडला.

 सिरिल खुंटीकडे पाहत होता. त्यानेही ती ओळखली. पपा ती तासत होते तेव्हा तो शेजारी बसलेला असणार.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगायला लागले होते. मग नाही सांगितलं."

प्रुइटने पेनचं टोपण लावलं. "न सांगण्याला कायदा नाही," ती म्हणाली. "बंदूक ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची." तिने रुडीच्या नावाचा दंडाचा कागद फाडून त्याच्या हातात दिला, त्याची बदकं घेतली, आणि रिकामी बंदूक माझ्या हातात ठेवली. "ही जप्त करता आली असती मला. पण मालकीण शिकार करत नव्हती."

ती गेल्यावर रुडी माझ्या इतका जवळ आला की टिल्ली गुरगुरली.

"साप आहेस तू. माळ ओढणारा साप. खिशात घेऊन बसलीस? पाच तास? माझ्या मागे बसून, खिशात घेऊन?"

"हो."

"आणि उद्या जाशील जीभ बाहेर काढून प्रसाद घ्यायला!"

मी टिल्लीचा पट्टा धरून तिला मागे घेतलं. तो त्याच आठवड्यात लिटल रॉकला परत गेला. शिकारीचा परवाना हंगामभर गेला, कोर्टात तारखेला हजर राहायचं आहे.

सिरिलने मला घरापर्यंत सोडलं. गाडीत तो पहिल्यांदाच हळू बोलला.

"मी त्याला आईवरून शिव्या दिल्या असत्या, पोरी. कानाखाली दोन ठेवल्या असत्या. तलावात ढकलला असता."

"माहीत आहे."

"पण सांगितलं असतं."

त्यानंतर तो बातम्या घेऊन आला नाही.

मी त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या टेबलावर ते काळं प्लास्टिक उतरवलं. एमिलने कापलेला दस्ता, पपांची मूठ, जुनी स्प्रिंग. शेवटी खुंटी आत सारली, टोपण फिरवलं. दोन गेली, तिसरं जाईना. कोपराच्या खोबणीत बूड टेकवलं, तर बोट चापावर बरोबर पोचलं. मंगळवारी एकटीच टिल्लीला घेऊन गेले आणि मधल्या जागेवर बसले. दोन बारांत एक. खांद्यावर डाग नाही. लपणात शेजारी कोणी नव्हतं, आणि या हंगामात कोणी येणारही नाही. गोष्ट गावभर झाली आहे, आणि ती खरी आहे, म्हणून मला खोडताही येत नाही.

शनिवारी पापनिवेदनाला बसले. बारीकसारीक सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "आणखी काही?"

"आहे. पण त्याचा पश्चात्ताप मला अजून झालेला नाही."

जाळीपलीकडे त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "मग मी क्षमा कशाची देऊ, ॲग्नेस? झाला की ये."

चार शनिवार झाले. रोज पावणेसातला मी निघते, आता कपाटाला कुलूप घालून. रोज मिस्सेला बसते. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली की सगळे उठतात आणि मी, क्षमा मिळालेली नाही म्हणून, बसून राहते. माझ्या बाकावर सिरिलची बायको असते, तिच्या दोन्ही सुना असतात. त्यांना पुढे जायला माझ्यासमोरून जावं लागतं. कोणी खाली बघत नाही, कोणी 'जरा सरक' म्हणत नाही. मी गुडघे एका बाजूला घेते, आणि त्या जातात.